चौकीपलीकडचा घाट

ब्रेकबाईंचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही ते चटकन आठवायचं नाही. मोटार शिकवणाऱ्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं काढली. अशा शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणाऱ्याचं चुकलं, की शिक्षकानं आपल्या बाजूचा दाबायचा आणि जीव वाचवायचा. बाईंचा पाय त्या ब्रेकवर कायम तयार असे. कुणीतरी एकदा म्हणालं, "गाडी आपण चालवतो, पण थांबवतात बाई." झालं, तेव्हापासून त्या ब्रेकबाई. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. लोकांच्या तोंडाला काय कुलूप घालायचंय, म्हणायच्या, आणि आपणच हसायच्या.

शिकवायला मात्र त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. आवाज कधी चढायचा नाही. शेजारी बसलेला माणूस नुकती मिसरूड फुटलेला असो की पांढऱ्या केसांचा कारखानदार, गाडीत बसला की तो 'तुम्ही'. "आरसा बघा. पाय हळू. घाई कुणाला आहे?" ही त्यांची तीन वाक्यं गावातल्या निम्म्या लोकांच्या कानात कायमची बसली होती. कोणी जोरात गाडी मारत असला आणि त्याला बाई पदपथावर दिसल्या, की त्याचा पाय आपोआप वर यायचा.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. बाजारातून निघालेला रस्ता लाकडाच्या वखारी ओलांडून, शेवटच्या वस्तीला वळसा घालून वर चढायला लागायचा, आणि जिथं खरा चढ सुरू व्हायचा तिथं जंगलखात्याची चौकी होती. आडवा दांडा, शेजारी एक खोली, खोलीबाहेर एक खुर्ची. पलीकडे सगळं सरकारी राखीव जंगल. त्यातून घाट वर वर जात खिंडीला भिडायचा. हिवाळाभर तो बर्फाखाली असायचा. उन्हाळ्याचे काही महिनेच उघडा. शाळेचा नियम होता, चौकीच्या पुढं गाडी न्यायची नाही. म्हणून चढावर गाडी थांबवून पुन्हा कशी उचलायची, हा धडा बाई चौकीच्या जरा खालीच द्यायच्या. तिथवरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ होता. चौकीच्या पुढचा एकही नाही.

त्यांचे विद्यार्थी मात्र परवाना हातात पडला की पहिल्यांदा तोच घाट गाठायचे. आठवड्याभरानं पेढीवर, नाहीतर दवाखान्यात भेटायचे आणि फोनमधले फोटो दाखवायचे. हे तळं, हा भर उन्हाळ्यातला बर्फ. "तुम्ही तर कितीदा गेला असाल बाई," म्हणायचे. बाई फोटो नीट बघायच्या, छान आहे म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. वाढणाराच उपाशी, त्यातली गत. सुट्टीच्या दिवशी शिकवण्यांची गर्दी, स्वतःची गाडी नाही, आणि असती तरी नवऱ्याला कुठं बसवायचं हा प्रश्न होताच.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. शांत, निगुतीचा माणूस. भिंगाचा कण डोळ्यात गेला तरी हूं की चूं करणार नाही; पण बसमध्ये बसवलं, की तिसऱ्या थांब्याला चेहरा पिवळा आणि चौथ्याला हातात पिशवी. लग्न झालं तेव्हा बाईंना वाटलं होतं, स्वतः चालवली तर गाडी लागत नाही, यांना शिकवावं. दुसऱ्याच धड्याला ते फुलवाल्याच्या दुकानात शिरले. म्हणजे गाडीसकट. कुणाला काही झालं नाही, पण बादल्यांतली सगळी फुलं टपावर, आणि टपाखाली ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलेली. बाई काहीतरी बोलल्या, ते काहीतरी बोलले, आणि पुढचे बरेच दिवस घरात दोघांचं बोलणं भांड्यांच्या आवाजानंच चाललं. तेव्हापासून बाईंनी ठरवलं, गाव शिकवीन, घरचं माणूस शिकवणार नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. मूलबाळ नाही, यजमान गेल्यावर भावाकडे राहायला आल्या, त्यालाही खूप वर्षं झाली. इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांनी उभा जन्म काढला. त्या मोठ्या यंत्रांच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय लागली ती लागलीच. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू, तो रात्री दिवा मालवेपर्यंत. बाई दिवसभर दुसऱ्यांना सूचना देऊन दमून यायच्या, त्यांना आयतं ऐकायला बरं वाटायचं. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघींचं उलट होतं. एक बोलायची, एक ऐकायची, आणि दोघींना वाटायचं आपल्याला सोपं काम मिळालंय.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेची जुनी गाडी विकायला निघाली होती, ती त्यांनीच घेतली. मिस्त्रीनं शिक्षकाच्या बाजूची पेडलं काढून टाकली आणि राहिलेल्या भोकांत रबराची बुचं बसवली. 'शिकाऊ' ही पाटी उतरवल्यावर टपावर एक फिकट चौकोन उरला. पहिले काही दिवस बाईंना स्टेअरिंगमागं बसून चुकल्यासारखं वाटे. इतकी वर्षं जग शेजारच्या खुर्चीतून बघितलेलं. आता सगळा रस्ता हातभर सरकल्यासारखा झाला होता. त्या बाजारातून भाजी आणायच्या, वन्संना दातांच्या डॉक्टरकडे न्यायच्या, आणि गाडी अंगणात आणून लावायच्या.

घाटाचा विषय काढला तो वन्संनी. त्यांचे यजमान लाकडाचा ट्रक चालवायचे. वरच्या जंगलात तेव्हा तोड चालायची. उन्हाळाभर ते घाटानं ओंडके खाली आणायचे, आणि घरी आले की बायकोला रस्ता सांगायचे, कुठं उतार आहे, कुठं पाणी पडतं, कुठं थांबून डबा खातो. पुढं तोड बंद झाली, ट्रक गेले, मग तेही गेले. पण वन्संना तो न पाहिलेला रस्ता तोंडपाठ होता. एके दिवशी शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, की गाडी काय भाजी आणायला घेतलीस का? मी काही आता जन्माला पुरणार नाही, एकदा वर तरी नेऊन आण. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला, म्हणाला, मी घर सांभाळतो. वन्सं म्हणाल्या, घराला काय पाय फुटलेत?

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवार ठरला. वन्संनी आदल्या दिवसापासून पिशवी भरायला घेतली. ब्रेड, उकडलेली अंडी, सफरचंदं, थर्मासमध्ये चहा, वेफर्सची पाकिटं. भावासाठी पिशव्या, लिंबू, ओला रुमाल वेगळा. नवरा सवयीनं मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, पुढं बसा. तो म्हणाला, पुढून सगळं दिसतं. "बघायलाच निघालोय ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. वन्सं मागं मधोमध बसल्या. म्हणाल्या, इथून दोघांवर लक्ष राहतं.

चौकी आली तसा बाईंचा हात आपोआप वळणाचा दिवा लावायला गेला. इतक्या वर्षांची सवय, इथून गाडी वळवायची. दिवा टिकटिक करायला लागला. चौकीवाला खुर्चीतून उठून आला, गाडीत डोकावला. म्हणाला, "बाई, आज विद्यार्थी कुठाय?"

"आज नाही कुणी. वर चाललोय."

त्यानं तिघांकडे पाहिलं, आणि दांडा वर केला. बाईंनी टिकटिकणारा दिवा बंद केला आणि गाडी पहिल्यांदा त्या दांड्याखालून पलीकडे नेली.

पुढचा रस्ता अरुंद होता पण नीटनेटका. एका अंगाला डोंगर कापलेला, त्याच्या खाचांतून पाणी झिरपत होतं. दुसऱ्या अंगाला दगडी कठडा आणि खाली पाइनची टोकं. दोन्ही कडांना उंच खांब रोवलेले होते, लाल-पिवळ्या पट्ट्यांचे. बाईंनी ते ओळखले: बर्फात रस्ता कुठं आहे ते कळायला. वन्सं म्हणाल्या, बरोबर, हे सांगायचेच, खांब दिसेनासे झाले की घरी परत यायचं. वळणामागून वळणं येत होती. बाई प्रत्येक वळणाआधी वेग उतरवायच्या आणि वळणात शिरल्यावर हळूच सोडायच्या, आणि गाडी अशी वळायची, जणू दोरीत ओवली आहे.

बऱ्याच वेळानं बाईंच्या लक्षात आलं की शेजारून काहीच आवाज नाही. नवरा ताठ बसून समोर बघत होता. चेहऱ्याचा रंग जागेवर. त्यानं स्वतःच कारण शोधून काढलं होतं. मागं बसलं की डोळ्याला समोरची पाठ दिसते, ती हलत नाही; कानाला मात्र कळतं की आपण हलतोय. दोघांचं भांडण होतं आणि पोट मध्ये पडतं. इथं डोळ्यालाही वळण दिसतंय आणि कानालाही. एवढं सांगून तो थांबला, आणि मग जरा खट्टू होऊन म्हणाला, हे मला चष्मे करताना एवढ्या वर्षांत सुचलं कसं नाही. वन्सं म्हणाल्या, तुला पुढं कुणी बसवलंच नाही रे, मी लहानपणापासून मागं ढकलत आले. आणि त्यांनी लिंबाची पिशवी खाली ठेवून दिली.

जंगल बदलत होतं. खालची रुंद पानांची झाडं मागं पडली होती. आता नुसते सरळ, काळपट हिरवे फर, एकाला एक खेटून. खिडकीतून थंड वारा आणि डिंकाचा वास येत होता. आणि तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला. बाईंनी ब्रेक दाबला, नवऱ्यानं छाताडावर हात ठेवला, टायर गेला म्हणाला. मागून वन्संचा आवाज आला, शांत: वेफर्सचं पाकीट होतं. वर चढताना सगळी पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगली होती, त्यातलं एक मांडीवर ठेवून त्या नुसतं दाबून बघत होत्या. मांडीवर, सीटवर, केसांत, सगळीकडे वेफर्स. तिघंही इतकी हसली, की बाईंना गाडी कडेला घेऊन जरा थांबावं लागलं.

ढग भेटला तो त्यानंतर. खालून पाहताना तो डोंगरावर कापसासारखा दिसला होता. आत शिरल्यावर कळलं, की कापूस नाही, नुसतं पांढरं आहे. समोरचे खांब एकेक करून पुसले गेले. कठडा गेला, डोंगर गेला. बाईंनी दिवे लावले, तर तेही पांढऱ्यात विरघळले. मागून कुणीतरी येत असेल, थांबावं तर कुठं, चालावं तर काय बघून. इतकी वर्षं अशा वेळी शेजारच्या माणसाला धीर द्यायचं काम त्यांचं होतं. आता शेजारी नवरा होता, आणि तो त्यांच्याकडे मोठ्या विश्वासानं बघत होता, त्याचाच उलट धाक वाटत होता.

त्यांच्या तोंडून आपोआप शब्द यायला लागले. "आरसा बघा. पाय हळू. घाई कुणाला आहे? पांढऱ्या रेघेवर नजर ठेवा. शाब्बास. आता डावी-उजवी काही नाही, नुसती रेघ." त्या स्वतःलाच 'तुम्ही' म्हणत होत्या. नवऱ्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांची शिकवणी त्यानं दोनच दिवस ऐकली होती, आणि दुसऱ्या दिवशी तर ऐकूनही घेतली नव्हती.

मागं वन्संचं बोलणं चालूच होतं. हे म्हणायचे, ढग लागला की घाबरायचं नाही. हे म्हणायचे, लाकडी पूल येईपर्यंत कुठं थांबू नये, जागा नाही. पूल आला की चाकांखाली खडखड आवाज होतो, मग लगेच डोंगराच्या बाजूला मोकळी जागा आहे. तळ म्हणायचे तिला. ओंडके रचून ठेवायचे तिथं, दहा ट्रक उभे राहतील.

बाई म्हणाल्या, "वन्सं, पूल म्हणजे नक्की लाकडी?"

"लाकडी. हे खोटं नाही सांगायचे. बाकी सांगायचे, पण रस्त्याचं नाही."

थोड्या वेळानं खरोखरच चाकांखाली खडखड झाली. बाईंनी डोंगराच्या बाजूनं अदमास घेतला, रेघ जिथं तुटली तिथं गाडी हळूच आत घातली. खाली खडी लागली. हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. इंजीन थांबल्यावर कुठंतरी पाणी वाहत असल्याचा आवाज ऐकू आला. बाईंनी स्टेअरिंगवरून हात काढले तेव्हा तळवे ओले होते. नवऱ्यानं आपल्यासाठी आणलेला ओला रुमाल त्यांना दिला.

ढग जसा आला तसाच गेला, एका अंगानं उचलल्यासारखा. पाहतात तो खरंच मोठा तळ होता, सपाट, खडी पसरलेला, तिन्ही बाजूंनी फरची भिंत. एका कोपऱ्यात कधीकाळी राहून गेलेल्या ओंडक्यांचा ढीग पडला होता, ऊन-बर्फ खाऊन चांदीच्या रंगाचा झालेला. मधोमध एक जाडजूड बुंधा. तिघं ओंडक्यांवर बसली, अंडी सोलली, चहा ओतला. उंचावर चहा लवकर निवतो, पण कुणी तक्रार केली नाही. वन्सं जरा वेळ तळाकडे बघत राहिल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला एकदा चालवायला दे."

बाईंना वाटलं, थट्टा करतायत. पण वन्सं उठून पदर-बिदर, स्वेटर-बिटर नीट करायला लागल्या होत्या. बाईंनी सांगून पाहिलं: वय, गुडघे, शिवाय घरच्या माणसाला न शिकवण्याचा नियम. वन्सं म्हणाल्या, नियम फुलवाल्यासाठी केला होतास, इथं फुलवाला कुठाय? नवरा ओंडक्यावरून म्हणाला, की बिचाऱ्या बुंध्याला काय व्हायचंय. रस्त्यावर असत्या तर बाई बधल्या नसत्या. पण हा रस्ता नव्हता, रिकामी जागा होती, आणि वन्संनी या घरात येऊन आजवर काही मागितलं नव्हतं. बाईंनी चावी दिली आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

पायाखाली पेडलं नाहीत हे त्यांना बसल्यावर जाणवलं. नुसती रबराची बुचं. त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले, हात मांडीवर गुंफले आणि क्लच म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली.

पहिल्या झटक्याला गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "धुलाईघरातलं मोठं यंत्र सुरू करताना खटका कसा सोडायचात, एकदम की हळू?" वन्संचा डावा पाय इंच इंच वर आला, गाडी थरथरली, आणि चालायला लागली. खडी चुरचुरली. बुंधा डाव्या हाताला ठेवून वन्संनी एक भलामोठा वाकडातिकडा गोल काढला. मग दुसरा, जरा कमी वाकडा. बाईंचे पाय सीटखाली दोनदा दाबले गेले, पण तिथं दाबायला काही नव्हतं. तोंडानं सांगायचं एवढंच हातात होतं. "पाय हळू. पुढं बघा, बुंध्याकडे नको. जिकडं बघाल तिकडं गाडी जाते." तिसऱ्या फेरीला त्यांनी दुसरा गिअर टाकायला लावला. कुठल्या फेरीला आपले पाय सैल झाले, ते बाईंना नंतर सांगता आलं नाही. दुसरीच एक गोष्ट मात्र त्यांना चांगली आठवत होती. गाडी सुरू झाल्यापासून वन्सं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. भाऊ ओंडक्यावर उभा राहून बघत होता. बहीण गप्प बसलेली त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

अखेर गाडी थांबवून वन्संनी स्वतःच हँडब्रेक ओढला. तरी हात स्टेअरिंगवरच. म्हणाल्या, "हे म्हणायचे, तुझं सगळं लक्ष तोंडात, तू गाडी दरीत घालशील. मी म्हणायची, मग निदान शेजारी बसवून न्या. तर म्हणायचे, ट्रकमध्ये बाहेरच्या माणसाला परवानगी नाही. बाहेरची म्हणे मी."

"आज बसलात ना," बाई म्हणाल्या.

"शेजारी कुठं? इथं बसले." आणि वन्संनी स्टेअरिंगवर थाप मारली.

नवऱ्यानं जवळ येऊन, घसा साफ करून विचारलं, की मग मीही एखादी फेरी? दोघी एकदमच नको म्हणाल्या. तो निमूटपणे अंड्यांची टरफलं गोळा करायला गेला.

वन्सं आणखी एका फेरीला निघाल्या तोच रस्त्यावरून जंगलखात्याची हिरवी जीप आत आली. लांबून आतल्या वनरक्षक बाईला एक गाडी बुंध्याभोवती गोल गोल फिरताना दिसली होती; कुणी पिऊन आलंय की चुकलंय, म्हणून तिनं जीप वळवली. वनरक्षक बाई उतरली, भुवया चढवून खिडकीशी आली. पण तेवढ्यात आतून "घाई कुणाला आहे?" असं ऐकू आलं, आणि ती जागच्या जागी सरळ उभी राहिली. चढावर गाडी उचलण्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि तिसऱ्यांदा पास झाली ती याच आवाजाच्या जोरावर. तिनं बाईंची ख्यालीखुशाली विचारली. मग कर्तव्य म्हणून सांगितलं, की परवान्याशिवाय जंगलाच्या रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. वन्संनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, हा रस्ता आहे का? वनरक्षक बाईनं तळाकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, रस्ता नाही, तळ आहे, पण इथून बाहेर पडताना मात्र बाईच चालवतील. जाता जाता तिनं सांगितलं, की वर तळ्यापाशी वाहनतळावर गर्दी असते. त्याच्या अलीकडच्या शेवटच्या खांबापाशी थांबा, तिथून पाऊलवाटेनं जरा वर गेलात की तळं तुमचंच.

तिनं सांगितलं तशीच तिघं गेली. झाडं ठेंगणी होत गेली, मग गुडघ्याएवढी, मग नाहीशीच झाली, आणि गवत, दगड आणि आभाळ एवढंच उरलं. कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. दगडांतून एक गुबगुबीत प्राणी मागच्या पायांवर उभा राहून गाडीकडे बघत होता आणि शिट्टी तोच घालत होता. पाऊलवाटेनं वर जाताना तिघांनाही दम लागला. हवा विरळ होती, चार पावलं टाकली की थांबावं लागे. वन्सं वाटेतल्या एका उन्हात तापलेल्या खडकाला टेकल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा, मी इथून बघते. पाच मिनिटांनी मागं वळून पाहिलं तर त्या तोंडावर रुमाल टाकून झोपल्या होत्या.

तळं खाली पसरलं होतं. निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर काळं. पलीकडच्या काठावर सावलीत बर्फाचा एक तुकडा राहिला होता. बाई एका दगडावर बसल्या. त्या बघत होत्या, पण त्यांच्या लक्षात आलं की नजर पुन्हा पुन्हा खालच्या रस्त्यावरच जातेय. हा निळा गाडीवाला वळणाला फार आत घेतोय. त्या पांढऱ्यानं दिवा दाखवला नाही. आयुष्यभर त्यांनी चाकं, हात, आरसे बघितले होते. खिडकीबाहेरचं बघायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं, जरा ओशाळूनच.

तो हसला नाही. त्यानं दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "जवळचं बघून बघून डोळे आखडतात. त्यांना लांब सोड. काही शोधू नकोस. तो शेवटचा डोंगर आहे ना, तिथं नुसते ठेव."

बाईंनी शेवटच्या डोंगरावर डोळे ठेवले. आधी काही झालं नाही. मग त्यामागं आणखी एक रांग दिसली, फिकट, आणि तिच्यामागं आणखी एक, इतकी फिकट की ढग की डोंगर कळेना. वारा कानांवरून जात होता. नवऱ्यानं आपला कोट त्यांच्या खांद्यावर टाकला.

परत येताना बाईंनी सगळा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. संध्याकाळी ऊन असतानाच घर आलं. ओंडक्यांवर बसल्यामुळं तिघांच्याही तळव्यांना डिंक चिकटला होता, साबणानं निघेना. शेवटी वन्संनी तेल चोळून काढला. बाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, आणि कुंपणापाशी वन्सं शेजारणीला दिवसाची हकीकत सांगत होत्या. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीला ती तळावरच्या चार फेऱ्यांची होती. शेजारीण फार लक्ष देऊन ऐकायला लागली तशी वन्संनी हळूहळू गाडी रस्त्यावर काढली, आणि सूर्य मावळेपर्यंत त्या ढगातून, लाकडी पुलावरून, खिंडीपर्यंत जाऊन आल्या होत्या.

शेजारणीनं विचारलं, मग ब्रेकबाई काय करत होत्या?

"ती ना, माझ्या शेजारी बसली होती," वन्सं म्हणाल्या. "डोंगर बघत."

नवरा पाण्याचा पेला घ्यायला आत आला होता, त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात पुसले, आणि खिडकी जराशी आणखी उघडली, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं.

त्या उन्हाळ्यात ते जवळजवळ दर सोमवारी वर गेले. चौकीवाला लांबूनच दांडा उचलायला लागला. वन्संनी परवाना काढायला साफ नकार दिला. म्हणाल्या, परवाना मिळाला की तुम्ही मला भाजीला धाडाल. पण तळावर त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या, आणि त्या चालू असेतोवर जंगलात पाखरांचं काय ते ऐकू यायचं. पुढं पहिला बर्फ पडला आणि घाट बंद झाला, तेव्हा बाईंनी गाडी अंगणात ताडपत्रीखाली ठेवली. वरच्या रांगा पांढऱ्या झालेल्या घरामागच्या पायरीवरून दिसत होत्या. नवरा आणि त्या दुपारचा चहा तिथंच घ्यायला लागले.